हुप्प्याचे वारस

मातृत्व प्रत्यक्ष प्रमाणाने सिद्ध होते आणि पितृत्व अनुमानाने, हे सूत्र रावसाहेबांनी दिवाणी न्यायाधीशाच्या कारकिर्दीत वारसाच्या, दत्तकाच्या आणि पोटगीच्या दाव्यांतून इतक्या वेळा घोळवले होते की, निवृत्तीनंतरही एखादे तान्हे मूल घरात आले आणि ‘अगदी बापावर गेले आहे हो’ असे कोणी सहज म्हणाले, तर ते त्या बोलणाराकडे उलटतपासणीस उभ्या राहिलेल्या साक्षीदाराकडे पाहावे तसे पाहत. त्यांची भाची वसुधा प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवून जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत नोकरीस आहे आणि रानात मोकळ्या हिंडणाऱ्या वानरांच्या पिलांचे बाप कोण, हे त्यांच्या विष्ठेवरून ठरवणे हा तिचा व्यवसाय आहे. उभयतांच्या व्यवसायांत इतके साम्य असल्यावर त्यांचे पटू नये, हे स्वाभाविकच होते. यंदा उन्हाळ्यात ती मामाकडे धारवाडला आली तेव्हा दोघांत जो वाद झाला त्याला मी श्रोता म्हणून हजर होतो. आणि रावसाहेबांचा जुना स्नेही असूनही माझे मत बहुतेक ठिकाणी भाचीकडे झुकले, हे आरंभीच नमूद करून ठेवतो, म्हणजे पुढे पक्षपाताचा आरोप नको.

रावसाहेबांची पहिली हरकत पुराव्याविषयी नव्हतीच, अधिकाराविषयी होती. ते म्हणाले, “वैध विवाह कायम असताना, किंवा तो संपुष्टात आल्यापासून २८० दिवसांच्या आत आणि आईने पुनर्विवाह केलेला नसताना, जे मूल जन्मास येईल ते त्या पतीचेच औरस अपत्य, असे १८७२ च्या पुरावा कायद्याचे ११२ वे कलम सांगत आले; गर्भधारणेच्या काळात त्या उभयतांचा संबंध येणेच शक्य नव्हते, एवढे शाबीत झाल्याखेरीज ते अनुमान ढळत नसे. २०२३ च्या नव्या अधिनियमाने कलमाचा आकडा ११६ केला, आशयाला हात लावला नाही. याचे मर्म काय? ज्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याने एका निरपराध जीवाचे वाटोळे होते, तो प्रश्न सहसा विचारूच द्यायचा नाही. माणसांच्या बाबतीत आम्ही ही मर्यादा पाळली, आणि तुम्ही मात्र रानातल्या मुक्या जनावरांच्या अंतःपुरात परीक्षानळी घेऊन शिरता! त्या पिलाने तुमच्याकडे कधी फिर्याद केली होती का?”

“पिलाने केली नाही, मामा,” वसुधा म्हणाली, “आणि आमच्या अहवालाने त्याची पोटगीही थांबत नाही. वानराला इस्टेट नाही, आडनाव नाही, गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही अशी त्याची अवस्था होत नाही. आम्हाला पाहिजे ते निराळेच आहे. नर ऐन उमेदीची वर्षे मारामाऱ्यांत घालवतो, जखमा सोसतो, टोळी जिंकतो, टोळी गमावतो. या सगळ्या खटाटोपातून त्याला संतती किती मिळाली, हे कळल्याशिवाय तो खटाटोप का टिकून राहिला ते कळत नाही. उत्क्रांतीचा जमाखर्च शेवटी संततीतच मांडला जातो, आणि बाप ठाऊक नसेल तर त्या वहीचे अर्धे पान कोरेच राहते.”

“पण तुमच्या या नळ्या येण्यापूर्वीही वह्या भरतच होत्या की,” रावसाहेब म्हणाले. “कोण कोणाबरोबर फिरतो, माजावर आलेल्या मादीजवळ कोण बसतो, कोण कोणाला हुसकावतो, हे वर्षानुवर्षे डोळ्यांत तेल घालून टिपणारी माणसे होती. परिस्थितिजन्य पुरावा तो हाच. अशा पुराव्यावर आमच्या न्यायालयांनी माणसांना जन्मठेपा दिल्या आहेत.”

वसुधेने या मुद्द्याला बगल दिली नाही, आणि त्याबद्दल तिचे कौतुक केले पाहिजे. कारण नव्या यंत्रांचे उपासक जुन्या निरीक्षकांविषयी बोलताना सहसा एक प्रकारची कीव दाखवतात. ती म्हणाली की त्या वह्यांवाचून तिचे पानही हलत नाही, पण त्यांच्यावरून काढलेले अनुमान हे अनुमानच असते. प्वेर्तो रिकोनजीकच्या कायो सान्तियागो बेटावर १९३८ साली आपल्याच देशातून चारशेंच्या आसपास लाल तोंडाची माकडे जहाजाने नेऊन सोडण्यात आली होती. त्यांच्या वंशजांमध्ये राहून स्टुअर्ट ऑल्टमन यांनी १९६२ साली असा सिद्धान्त मांडला की नरांचा जणू एक अग्रक्रम लागलेला असतो: एकच मादी माजावर असेल तर ती पहिल्या मानकऱ्याची, दोघी एकाच वेळी असतील तर दुसऱ्यालाही संधी, तिघी असतील तर तिसऱ्याला. सिद्धान्त इतका सुटसुटीत होता की पुढच्या कैक निरीक्षकांनी नराची पायरी पाहूनच त्याच्या संततीचा अंदाज बांधला. पण त्याच बेटावर पुढे जेव्हा पिलांची जनुकीय तपासणी झाली तेव्हा दिसून आले की खालच्या पायरीवरचे नर, इतकेच नव्हे तर दुसऱ्या टोळीतले नरही, मानकऱ्याची नजर चुकवून बाप होत होते. नजर चुकवण्यात जे मानकऱ्याला फसवू शकले ते वहीवाल्याला फसवणार नाहीत, असे मानायला आधार काय?

“आणि मामा, वहीत जे कोणी लिहिणारच नाही असेही काही नळीत निघते,” असे म्हणून तिने टांझानियातल्या गोंबे येथील एक प्रकरण सांगितले. जेन गुडॉल यांच्या पुस्तकांमुळे जगाला परिचित झालेली फिफी नावाची चिंपांझी मादी. तिच्या एका पिलाचा बाप तिचाच मुलगा फ्रोडो असल्याचे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत निष्पन्न झाले. चिंपांझींत माता आणि पुत्र यांचा समागम ही अत्यंत विरळा गोष्ट, मादी सहसा त्याला निकराने विरोध करते, म्हणून निरीक्षकाच्या कल्पनेलाही ती शिवली नसती.

रावसाहेबांनी कानावर हात ठेवले नाहीत. दिवाणी न्यायाधीशाला मनुष्यस्वभावाविषयी फारसे भ्रम उरलेले नसतात. पण त्यांनी चटकन मोर्चा फिरवला. “बरे, तुमची नळी म्हणजे तरी काय, ते एकदा सांग. आमच्याकडे तज्ज्ञ साक्षीदार यायचे, अहवाल वाचून दाखवायचे आणि ‘शास्त्र असे सांगते’ म्हणून मोकळे व्हायचे. शास्त्र कसे सांगते, हे विचारले की घाम फुटायचा.”

यावर तिने जे विवेचन केले ते मला इतके मनोवेधक वाटले की ते थोडे विस्ताराने देतो. पूर्वी, म्हणजे १९८४ साली लेस्टर येथे ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनएच्या ठशांची पद्धत शोधून काढली तेव्हा, बरेचसे रक्त लागत असे. आणि रानातल्या वानराचे रक्त घ्यायचे तर त्याला भुलीचा बाण मारून पाडावे लागे, ज्यात तो झाडावरून कोसळून मरण्याचे भय. पुढे डीएनएच्या अत्यल्प अंशाच्या असंख्य प्रती काढण्याची पीसीआर ही युक्ती हाती आली आणि रक्ताची गरज संपली. आता निरीक्षक पहाटे टोळीच्या झोपण्याच्या झाडाखाली जाऊन उभा राहतो. टोळी जागी झाली की पहिल्या काही मिनिटांतच देहधर्म आटोपते. कोणत्या वानराची विष्ठा कोठे पडली हे डोळ्यांनी पक्के करून, हातमोजा चढवून, काडीने तिचा वरचा थर तेवढा खरवडून घ्यायचा. वरचाच का? तर अन्नाचा चोथा आतड्यातून सरकताना आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्याच्या पृष्ठभागाला चिकटून बाहेर पडतात, आणि आपल्याला वानराने खाल्लेली पाने नको आहेत, वानर हवे आहे. तो खरवडलेला अंश मद्यार्कात बुडवायचा, मग पाणी शोषणाऱ्या सिलिकाच्या खड्यांवर वाळवायचा, आणि कुपीवर नाव, तारीख, वेळ घालायची. ही चिठ्ठी चुकली तर पुढची सगळी विद्या व्यर्थ. “मुद्देमालाचा पंचनामा,” रावसाहेब पुटपुटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच थोडी प्रसन्नता दिसली.

मग प्रयोगशाळेत डीएनएच्या साखळीतल्या काही ठरावीक जागा पाहायच्या. या जागांवर दोन ते चार अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो, कोणात चौदा वेळा, कोणात सतरा वेळा. यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. प्रत्येक जागेच्या दोन प्रती, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. समजा, पिलाच्या अंगी एका जागी चौदा आणि सतरा आहेत आणि आईच्या अंगी अकरा आणि चौदा. म्हणजे चौदा आईचे झाले आणि सतरा बापाकडूनच आलेले असणार. ज्या नराच्या अंगी सतरा नाही तो वगळायचा. अशा दहाबारा जागा पाहिल्या म्हणजे एकेक नर गळत जातो आणि उरतो तो बाप.

“थांब,” रावसाहेब म्हणाले. “म्हणजे तुमचा पुरावा मुळात कोण बाप नाही हे सांगतो. कोण आहे हे तो फक्त उरलेल्यावरून ठरवतो.” वसुधा म्हणाली की हे अगदी खरे आहे, आणि उरलेले एकाहून अधिक असतील तर संभाव्यतेचे गणित करावे लागते. त्यातही चिंपांझीचे नर जन्मभर आपल्याच टोळीत राहतात. त्यामुळे उमेदवारांत सख्खे भाऊ, चुलते, बापलेक असतात, त्यांच्या अंगी सारखेच आकडे निघतात, आणि भावाला भावापासून वेगळे काढायला आणखी जागा तपासाव्या लागतात.

रावसाहेब याच संधीची वाट पाहत असावेत. भाची येणार म्हणून त्यांनी गुपचूप बरेच वाचून ठेवले होते, हे मला त्यांच्या टेबलावरच्या कागदांवरून आधीच कळले होते. ते म्हणाले, “आयव्हरी कोस्टमधल्या ताई अरण्याचे प्रकरण तू सांगणार आहेस, की मी सांगू?”

“मीच सांगते,” ती म्हणाली, आणि सांगितलेही, काही न लपवता. या अरण्यातल्या चिंपांझींचा अभ्यास क्रिस्टोफ बोएश हे १९७९ पासून करीत होते. १९९७ साली पास्कल गान्यो, डेव्हिड वुडरफ आणि बोएश या तिघांनी ‘नेचर’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला: तपासलेल्या तेरा पिलांपैकी सातांचे बाप टोळीतले नव्हतेच. चिंपांझींच्या शेजारी टोळ्यांमध्ये हाडवैर असते, सरहद्दीवर सापडलेल्या परक्या नराला ठार मारण्यापर्यंत मजल जाते. आणि त्या टोळीतल्या माद्या मात्र अधूनमधून गुपचूप सरहद्द ओलांडून शत्रूपक्षाकडे जाऊन येत होत्या, असा त्याचा अर्थ झाला. वर्षानुवर्षे त्यांच्या मागावर असलेल्या निरीक्षकांना याचा पत्ताही लागला नव्हता. साहजिकच जगभर गवगवा झाला. वर्तमानपत्रांना तर असे प्रकरण हवेच असते.

“आणि ते खोटे निघाले,” रावसाहेब म्हणाले.

“खोटे नव्हे, चुकीचे. नमुने होते रात्रीच्या घरट्यांत गळून पडलेल्या केसांचे आणि चावून थुंकलेल्या फळांच्या चोथ्याचे. गळलेल्या केसाच्या मुळाशी डीएनए असतो तो जवळजवळ नसल्यासारखाच. इतक्या थोड्या अंशाच्या प्रती काढायला बसले की कधी कधी दोन प्रतींपैकी एकीलाच सुरुवात होते आणि दुसरी मागे राहते ती कायमची. यंत्राच्या आलेखावर दोन शिखरे दिसायची तिथे एकच दिसते. ज्या नराच्या अंगी चौदा आणि सतरा आहेत त्याच्या नावावर नुसते चौदा लागतात; पिलाच्या अंगी बापाकडून आलेले सतरा असतात; झाले, खरा बाप यादीतून वगळला गेला.”

“म्हणजे खरा गुन्हेगार निर्दोष सुटला आणि संशय शेजारच्या गावावर आला!” रावसाहेबांना हसू आवरेना.

त्या हसण्यात वसुधाही सामील झाली, पण तिने पुढची हकीकत अर्धी राहू दिली नाही. प्रत गळण्याच्या या धोक्याविषयी त्याच तिघांनी १९९७ सालीच दुसऱ्या एका शास्त्रीय नियतकालिकात स्वतः इशारा दिलेला होता, आणि तरीही तो धोका त्यांना पुरता टाळता आला नाही. पुढे लिंडा विजिलंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत बोएशही होते, ताई अरण्यातल्या तीन टोळ्यांची प्रामुख्याने विष्ठेच्या नमुन्यांवरून फेरतपासणी केली, प्रत्येक संशयित आकडा पुन्हा पुन्हा पडताळला, आणि २००१ साली जाहीर केले की टोळीबाहेरच्या बापांचे प्रमाण निम्म्याहून अधिक नव्हे तर शेकडा सातच्या आसपास आहे. त्याच वर्षी ‘नेचर’मधला मूळ निबंध मागे घेण्यात आला. “शत्रूकडे जाणाऱ्या माद्यांची कथा ज्यांनी वाचली त्यांपैकी किती जणांनी ही माघार वाचली, हे मात्र विचारू नका,” ती म्हणाली. हा दोष शास्त्राचा नव्हे, वाचकांचा, असे मी मध्येच बोललो. त्याकडे दोघांनीही दुर्लक्ष केले.

रावसाहेब म्हणाले, “मग नळीपेक्षा वही खरी ठरली, एवढे तरी मान्य कर. पहारेकऱ्यांनी माद्यांना सरहद्द ओलांडताना पाहिले नव्हते, आणि त्या फारशा ओलांडत नव्हत्याच.”

“वहीला संशय आला, पण वहीने ते सिद्ध केले नाही. सिद्ध केले दुसऱ्या तपासणीने. तुमच्याकडे तसे कधी होत नाही का?”

याला होकार देणे रावसाहेबांना भाग पडले, कारण तसे एक उदाहरण नागपूरकडे घडले होते. एका पोटगीच्या प्रकरणात नवऱ्याने मुलीचे पितृत्व नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने डीएनए तपासणीचा हुकूम दिला. नागपूरच्या प्रयोगशाळेचा अहवाल त्याच्या बाजूने आला. पत्नीने हरकत घेतल्यावर न्यायालयाने हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेकडून पुन्हा तपासणी करून घेतली, आणि तिचाही निष्कर्ष तोच आला. तेव्हा २०१४ साली न्यायालयाने म्हटले की कायद्याचे गृहीतक आणि शास्त्रीय पुरावा यांचा विरोध आला तर गृहीतकाला मागे सरावे लागेल. मात्र तोवर दिलेली पोटगी परत मागता येणार नाही. “शेवटचे ते वाक्य त्या निकालातले उत्तम वाक्य,” रावसाहेब म्हणाले. “आणि २०२३ साली त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात बजावले आहे की बायकोचा व्यभिचार सिद्ध करण्याची जवळची वाट म्हणून मुलाची डीएनए तपासणी सर्रास मागता येणार नाही. मूल हा दोघांच्या भांडणातला मुद्देमाल नव्हे. म्हणून मी पुन्हा मूळ मुद्द्यावर येतो. बाप कोण हे उघड न होण्यात लेकराचे हित असते. आम्हाला हे समजायला पिढ्या गेल्या.”

“वानरीला हे फार पूर्वीच समजले आहे,” वसुधा म्हणाली, आणि येथून वादाला जे वळण लागले त्याची अपेक्षा रावसाहेबांना नव्हती आणि मलाही नव्हती.

प्रसंग धारवाडचाच. या गावाभोवतालच्या रानात १९६१ ते १९६३ या काळात युकिमारु सुगियामा आणि त्यांचे जपानी सहकारी काळ्या तोंडाच्या वानरांचा अभ्यास करीत होते. १९६२ साली त्यांच्या डोळ्यांदेखत एका टोळीवर बाहेरच्या नरांच्या जथ्याने चाल केली, जुन्या हुप्प्याला पिटाळून लावले, आणि अखेरीस त्यांतल्या एकाने टोळी बळकावल्यावर तिच्यातली दूधपिती पिले चावून मारली गेली. त्यापूर्वी फिलिस जे, ज्या पुढे डॉल्हिनो या नावाने प्रसिद्ध झाल्या, त्यांनी उत्तरेतल्या कौकोरीत आणि बस्तरातल्या ओर्छ्यात याच वानरांचा अभ्यास करून त्यांचे जीवन शांत असल्याचे लिहिले होते. तेव्हा धारवाडची हकीकत पुष्कळांना अपवाद वाटली. मग जोधपूरहून एस. एम. मोहनोत यांनी तसेच प्रकार नोंदवले, आणि सत्तरीच्या दशकात अबूच्या पहाडावर सारा हर्डी यांनी पाहिलेल्या हकीकतींवरून म्हटले की ही विकृती नव्हे, हा हिशोब आहे. पीत्या पिलाची आई माजावर येत नाही. पीते पिलू गेले की लवकर येते. नव्या हुप्प्याची राजवट अल्पजीवी, म्हणून तो दुसऱ्याचे पिलू मारून स्वतःच्या पिलाला जागा करतो. विरोधकांनी विचारले: गर्दी, माणसांचा उपद्रव, पिसाळलेले नर, हे कारण का नसावे? आणि मुख्य म्हणजे, मारणारा मारलेल्याचा बाप नव्हता हे कशावरून?

“हा प्रश्न वहीने कधीच सुटला नसता,” वसुधा म्हणाली. “वीस वर्षे दोन्ही पक्ष तीच तीच निरीक्षणे एकमेकांपुढे नाचवत होते. नेपाळच्या तराईत रामनगरच्या सालवनात कारोला बोरीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या दशकात विष्ठेचे नमुने गोळा केले आणि १९९९ साली उत्तर दिले. ज्या हल्ल्यांत दोन्हीकडचे नमुने मिळाले, त्यांत हल्ला करणारा नर त्या पिलाचा बाप नव्हता. आणि पिलू गेल्यावर त्या मादीला पुढे जे पिलू झाले त्याचा बाप तोच असण्याचा संभव निघाला. आता बोला, हे विचारायला नको होते?”

रावसाहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आणि वानरीला काय समजले, ते राहिले.”

“त्याच रामनगरात दुसरा शोध लागला. तिथल्या टोळ्यांत अनेक नर असतात. वानरी एका खेपेला कितीतरी दिवस समागमाला राजी असते, पण त्यांतला फळणारा दिवस नेमका कोणता, हे बाहेरून काहीच दिसत नाही. विष्ठेतल्या संप्रेरकांवरून तो आम्हाला काढता येतो, मानकऱ्याला ओळखता येत नाही. तो रोज पहारा देऊ शकत नाही, आणि दुसऱ्यांनाही संधी मिळते. नवा हुप्प्या टोळीत शिरला तर गाभण वानरीही त्याच्याशी समागम करते. परिणाम असा की पिलू जन्माला आल्यावर चार नरांना ते आपले असू शकेल असे वाटण्यास आधार असतो. आणि पिलावर हल्ला झाला की त्याच्या बचावाला कोण धावले, याचीही नोंद आहे: कधी खरा बाप, कधी गर्भ राहिला त्या काळात टोळीत असलेला दुसरा नर. गर्भ राहिल्यानंतर आलेला मात्र नाही. तुमच्या ११२ व्या कलमाने जे साधते तेच ती साधते, मामा. फक्त तुम्ही एकाच माणसाला बाप म्हणून पक्का करून प्रश्नाला कुलूप घालता, आणि ती प्रश्न मुद्दाम उघडा ठेवून एकाच पिलाला अनेक राखणदार मिळवते.”

माझ्या मते या ठिकाणी वाद संपायला हरकत नव्हती, पण रावसाहेब निकाल आपल्याविरुद्ध गेला म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हेत. ते अपिलात गेले. राखणदारीला जर शंका पुरते, तर खऱ्या बापाचा पत्ता तुम्हाला कशाला, असा त्यांचा नवा प्रश्न. बार्बरी माकडांत नर दिवसदिवस पिलांना कडेवर घेऊन हिंडतात आणि तपासणीत ती पिले त्यांची असतातच असे नाही, हे त्यांनीच वाचून ठेवलेले उदाहरण. रवांडातल्या डोंगरी गोरिलांतही नराचे पिलांवरचे प्रेम रक्ताच्या नात्याशी बांधलेले आढळत नाही, हे वसुधेने आपण होऊन सांगितले. पण तिच्याकडे केनियातल्या अंबोसेलीचे बबूनही होते. जीन ऑल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ पासून अखंड चालवलेल्या त्या अभ्यासात २००३ साली दिसून आले की अनेक नरांच्या टोळीतसुद्धा बबूनचा नर अल्पवयीन पिलांच्या भांडणात आपल्या स्वतःच्या पिलाची बाजू परक्याच्या पिलापेक्षा अधिक वेळा घेतो.

“त्याला कळते कसे?” रावसाहेबांनी विचारले. “त्याच्याकडे नळी नाही.”

“त्या मादीच्या फळणाऱ्या दिवसांत आपण किती काळ तिच्याबरोबर होतो, याची आठवण असेल, किंवा पिलाच्या रूपात, वासात काही ओळखीचे असेल. यांतले कोणते, ते त्या अभ्यासातून ठरत नाही.”

“म्हणजे तोही परिस्थितिजन्य पुराव्यावरच चालतो,” रावसाहेब समाधानाने म्हणाले, आणि तेवढे समाधान भाचीने त्यांना घेऊ दिले. मग त्यांनी विचारले की पिलाचे आकडे यादीतल्या कोणत्याच नराशी जुळले नाहीत तर अहवालात काय लिहिता.

तिने सांगितले की १९९८ साली एडिनबरोत तयार झालेली सर्व्हस नावाची एक संगणकप्रणाली या कामात सर्वत्र वापरतात, आणि गणित सुरू करण्यापूर्वीच ती एक गोष्ट विचारते: बाप होण्याजोगे जेवढे नर त्या रानात असतील, त्यांपैकी किती हिश्शाचे नमुने तुमच्या हाती आहेत? संशोधकाने येथे बढाई मारून मोठा हिस्सा सांगितला तर ती प्रणाली भलत्याच नराला खात्रीपूर्वक बाप ठरवून मोकळी होते. म्हणून झाडीत एकदाच दिसून नाहीसा झालेला, नमुना न मिळालेला भटका नरही तेथे धरावा लागतो. आणि तरीही कोणी जुळले नाही, तर बापाचा रकाना कोरा सोडतात.

“कोरा?” रावसाहेब म्हणाले. “आमच्या कचेरीत कारकुनाने रकाना कोरा सोडला की त्याला मेमो मिळायचा. म्हणून तो काहीतरी भरायचाच.”